पोटॅश या एकाच नावाखाली

‘बाई, बेदाण्याच्या पाण्यात घालतात तो पोटॅश आणि गंधकाबरोबर ठोकून वाजवतात तो पोटॅश एकच का?’

तासगाव तालुक्यातल्या एका शाळेत नववीच्या वर्गात हा प्रश्न आला, तेव्हा तास संपायला दोन मिनिटे होती. विचारणारीच्या घरी द्राक्षबाग, आणि दसऱ्याला कवठेएकंदच्या मामाकडे जायचे ठरलेले. दोन्ही पोटॅश तिने जवळून पाहिलेले होते. मी ‘नाही, वेगवेगळे’ म्हटले आणि घंटा झाली. परतीच्या एसटीत मला माझेच उत्तर टोचत राहिले. वेगवेगळे म्हणावे, तर पोटॅशियम दोन्हींत आहे. एकच म्हणावे, तर एकाने बोटे बुळबुळीत होतात आणि दुसऱ्याने बोटे जातात. या पुस्तिकेची सुरुवात त्या एसटीत झाली.

आपल्या सातारा-सांगलीकडे ‘पोटॅश’ हा शब्द फार ठिकाणी फिरतो. कृषी सेवा केंद्रात पोटॅश मागितला की म्युरिएट ऑफ पोटॅशचे पोते मिळते. द्राक्षवाला ‘शून्य-शून्य-पन्नास’ मागतो, तोही पोटॅशच, पण दुसरा. बेदाण्याच्या शेडवर ज्याला नुसते ‘कार्बोनेट’ म्हणतात तो तिसरा. सोने-चांदी आटवणाऱ्या विट्याच्या गलाईवाल्यांच्या भट्टीशेजारी डब्यात असतो तो सोरा; त्याला कोणी पोटॅश म्हणत नाही, पण त्यातही पोटॅशियम आहे. स्वयंपाकघराच्या फळीवरची तुरटी, पूर्वी साथीच्या दिवसांत विहिरीत सोडत ते जांभळे परमँगनेट, भांडी घासायची चुलीतली राख, सगळीकडे हाच धातू बसलेला आहे. यांतले बरेचसे पदार्थ दिसायलाही सारखेच, पांढरे आणि दाणेदार. नाव सारखे आणि रूप सारखे, पण स्वभाव एकमेकांना न ओळखणारे. हा स्वभाव कुठून येतो, एवढाच या पुस्तिकेचा विषय.

आधी मूळ धातूकडे पाहू. ६ ऑक्टोबर १८०७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीने किंचित ओलसर केलेल्या कॉस्टिक पोटॅशमधून बॅटरीचा प्रवाह सोडला, तेव्हा पाऱ्यासारखे चकाकणारे बारीक थेंब दिसले आणि त्यांतले काही तिथेच पेटले. मदतीला त्याचा चुलतभाऊ एडमंड होता. हम्फ्री आनंदाने खोलीभर उड्या मारू लागला, ही आठवण एडमंडकडूनच पुढे आली. त्याआधी हा धातू कोणी पाहिला नव्हता, आणि पाहणार तरी कसा? निसर्गात तो सुटा सापडतच नाही. सुरीने कापता येईल इतका मऊ, ६३.५ अंश सेल्सिअसला वितळणारा, पाण्यापेक्षा हलका. हवेत ठेवला की काही क्षणांत काळवंडतो, म्हणून त्याला रॉकेलमध्ये किंवा खनिज तेलात बुडवून ठेवतात.

पाण्यात टाकल्यावर सोडियमचा तुकडा बहुधा नुसता सुरसुरत धावतो. पोटॅशियमचा तुकडा धावता धावता पेट घेतो आणि ज्योत फिकट जांभळी असते. कारण त्याच्या अणूच्या चौथ्या, सर्वांत बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो, केंद्रकापासून लांब आणि सैल धरलेला. तो काढून घ्यायला सोडियमपेक्षा कमी ऊर्जा पुरते. पाणी तो घेते, हायड्रोजन सुटतो, उष्णतेने धातू वितळतो आणि हायड्रोजन पेटतो. हे आपण पिढ्यान् पिढ्या शिकवत आलो. पण पाण्याला स्पर्श होताच जो स्फोट होतो, त्याचा वेग या स्पष्टीकरणात बसत नव्हता; सुटलेल्या हायड्रोजनची आणि वाफेची चादर धातूला पाण्यापासून दूर ठेवायला हवी होती. २०१५ मध्ये प्रागमधल्या पावेल युंगवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडियम-पोटॅशियमच्या मिश्रधातूचा थेंब पाण्यावर सोडून अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केले. एका मिलिसेकंदाच्याही आत थेंबातून चहूबाजूंनी काटे फुटलेले दिसले. इलेक्ट्रॉन इतक्या झपाट्याने पाण्यात निघून जातात की मागे राहिलेले धनभारित अणू एकमेकांना ढकलून थेंबच फाडतात, आणि दर वेळी नवा धातू पाण्यासमोर येतो. दोनशे वर्षे जुना वर्गातला प्रयोग, आणि त्याचा पहिला क्षण आपल्याला इतक्या उशिरा कळला. मला हे फार मोलाचे वाटते.

आता कळीची गोष्ट. तो एक इलेक्ट्रॉन गेला की पोटॅशियमचा सारा उतावळेपणा संपतो. उरतो तो धनभारित आयन, आरगॉन या निष्क्रिय वायूसारखी इलेक्ट्रॉनांची रचना असलेला. त्याला पुढे काही द्यायचे नाही, काही घ्यायचेही नाही. आपल्या पेशींत तो भरून आहे, केळ्यात आहे, शहाळ्यात आहे. बेदाण्यात तर दर १०० ग्रॅममागे साधारण ७५० मिलिग्रॅम आहे. म्हणूनच मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना डॉक्टर बेदाणा जपून खायला सांगतात. तेव्हा पोटॅशियमच्या कुठल्याही संयुगात काही घडते आहे असे दिसले, तर पहिली नजर त्याच्या सोबत्याकडे टाकावी: कार्बोनेट, नायट्रेट, क्लोरेट, परमँगनेट. कर्ता बहुतेक वेळा तिथे सापडतो.

त्या मुलीच्या घरचे उदाहरण पाहू, कारण याहून सुंदर रसायनशास्त्र आपल्या भागात दुसरे नाही.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तासगाव, कवठे महांकाळ, मिरज पूर्व, जत या पट्ट्यात बेदाण्याच्या शेड भरतात. थॉमसन सीडलेस आणि तिच्यातूनच तासगाव परिसरात निवडलेली तास-ए-गणेश, अशा जातींचे घड तोडून आणायचे आणि रॅकवर पसरण्यापूर्वी द्रावणात बुडवायचे. द्रावण असते लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल. बुडवलेली द्राक्षे सावलीत, कोरड्या वाऱ्यावर साधारण दोन आठवड्यांत वाळतात. न बुडवता ठेवली, तर त्याच्या कितीतरी पट दिवस जातात, रंग तपकिरी पडतो, आणि मध्येच अवकाळी पाऊस आला तर मालाला बुरशी धरते.

दोन-चार मिनिटांच्या बुडवणीत असे काय होते? द्राक्षाच्या मण्यावर जी पांढुरकी झाक दिसते ती मेणाची असते. मेणाच्या सूक्ष्म पापुद्र्यांचे एकावर एक थर, आणि ते पाण्याला आतून बाहेर येऊ देत नाहीत. वेलीवर असताना ते मण्याचे चिलखत असते, शेडवर मात्र तेच आडवे येते. डिपिंग ऑइलचा मुख्य भाग इथाइल ओलिएट. तो या पापुद्र्यांच्या फटींत शिरतो आणि मेणातून पाण्याला वाट करून देतो. साल न फोडता, मणी न शिजवता, पाणी झिरपू लागते. पण तेल आणि पाणी एकत्र येणार कसे? इथे कार्बोनेट लागते. त्याचे द्रावण चांगलेच अल्कधर्मी असते. तेलातल्या आणि सालीवरच्या मोकळ्या स्निग्धाम्लांशी त्याची क्रिया होऊन थोडा साबण तयार होतो, आणि तो साबण तेलाला पाण्यात बारीक थेंबांच्या रूपात धरून ठेवतो. टाकीतले पाणी दुधाळ दिसते ते यामुळे.

चुलीची राख घेऊन तेलकट कढई घासणारी माझी आजी नेमके हेच करत होती. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ओल्या राखेने तुपाचा साबण केला आणि तो साबण उरलेले तूप घेऊन गेला. ‘पोटॅश’ हा शब्दही तिथलाच आहे: युरोपात राखेचे पाणी भांड्यात आटवून जे उरे, ते भांड्यातली राख या अर्थाने ‘पोटॅश’. आपल्याकडे जवाची झाडे जाळून यवक्षार काढत. सुश्रुतसंहितेत तर एक पाऊल पुढचे वर्णन आहे: राखेच्या पाण्यात चुना मिसळून सौम्य क्षाराचा तीक्ष्ण क्षार करावा. रसायनाच्या भाषेत, कार्बोनेटचे हायड्रॉक्साइड झाले. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी भारतीय रसायनाच्या इतिहासात याची आवर्जून दखल घेतली. आणि राखेच्या पाण्यात तेल मिसळून द्राक्षे बुडवण्याची रीत रोमन काळातल्या कोलुमेलाच्या शेतीग्रंथात सापडते. आपल्या शेडवरची टाकी इतकी जुनी आहे.

इथे जाणता वाचक विचारील, की कर्ता कार्बोनेट असेल, तर स्वस्त धुण्याचा सोडा का चालत नाही? त्यातही कार्बोनेटच आहे. हा आक्षेप बरोबर आहे, आणि वर सांगितलेला नियम पुरता नाही हे तो दाखवतो. पोटॅशियमचे कार्बोनेट सोडियमच्या कार्बोनेटपेक्षा पाण्यात कितीतरी जास्त विरघळते. पोटॅशियमचा साबण मऊ आणि पातळ, सोडियमचा घट्ट, वडी पडणारा. शांत बसलेला पोटॅशियम आयन स्वतः क्रिया करत नाही. पण सोबत्याला किती सैल सोडायचे, कोरडे ठेवायचे की ओले, हे त्याच्या आकारावर ठरते. कर्ता सोबती, आणि त्याला धरणारा हात पोटॅशियमचा. ही जोडी लक्षात ठेवली की पुढचे सगळे सोपे जाते.

सोऱ्याचेच पाहा. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. आपल्या दोन जिल्ह्यांत तो तीन ठिकाणी भेटतो आणि तिन्ही ठिकाणी त्याचे वागणे निराळे आहे.

पहिले ठिकाण द्राक्षबाग. ‘तेरा-शून्य-पंचेचाळीस’ या नावाने तो ठिबकमधून जातो. पाण्यात विरघळताच नायट्रेट आणि पोटॅशियम वेगळे होतात, मुळे दोन्ही घेतात. आगीचा प्रश्नच नाही. दुसरे ठिकाण गलाईवाल्याची मूस. खानापूर, आटपाडी आणि साताऱ्याकडच्या माण-खटावातल्या दुष्काळाने माणसे बाहेर पडली आणि देशभरच्या सराफ बाजारांत सोने-चांदी आटवण्याचे काम त्यांनी उभे केले. सोने वितळलेल्या मुशीत ते टाकणखाराबरोबर सोऱ्याची चिमूट टाकतात. तापलेला सोरा ऑक्सिजन सोडतो, तो तांबे-शिशासारख्या हिणकस धातूंना धरतो, त्यांची ऑक्साइड टाकणखाराच्या काचेसारख्या मळीत विरघळून वर येतात, आणि सोने खाली राहते. ते ऑक्सिजनला दाद देत नाही. पुढे तेजाबाने, म्हणजे नायट्रिक आम्लाने, चांदी वेगळी करताना जो तपकिरी धूर निघतो तोही नायट्रेटच्याच घराण्यातला. त्या धुराने सुरुवातीला फारसे काही जाणवत नाही, पण कित्येक तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकते; म्हणून लहानशा बंद खोलीत हे काम करणाऱ्या आपल्या मुलांची मला काळजी वाटते. त्यांच्यासाठी एक संपूर्ण प्रकरण दिले आहे.

तिसरे ठिकाण कवठेएकंद. विजयादशमीच्या रात्री सिद्धराजाची पालखी निघते आणि गाव रात्रभर उजळत राहते. शोभेच्या दारूचे औट, म्हणजे ठासलेल्या नळ्या, भरणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या. सोरा, गंधक आणि कोळसा हे जुने त्रिकूट: कोळसा आणि गंधक जळणार, आणि त्यांना लागणारा ऑक्सिजन हवेतून न येता सोऱ्यातून येणार, तोही ठासलेल्या नळीच्या आत. सोडियमचा सोरा यासाठी चालत नाही, कारण तो हवेतला ओलावा ओढतो आणि दारू सादळते. पोटॅशियमचा सोरा पाऊस नुकता सरलेल्या आश्विनातही कोरडा राहतो. पुन्हा तोच धरणारा हात.

ठिबकमध्ये ऑक्सिजन पाण्याने वेगळा ठेवलेला असतो, मुशीत तो थोडा आणि हळू सुटतो, औटात इंधनाला अगदी खेटून बसलेला असतो. पदार्थ तोच; शेजार आणि उष्णता बदलली. मे २०१५ मध्ये याच गावातल्या फटाक्यांच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात कामगार मृत्युमुखी पडले. त्यांच्या घरांपासून ती शाळा दूर नाही, म्हणून हे प्रकरण मी शब्द तोलून लिहिले आहे. त्यात प्रमाणे आणि कृती मुद्दाम दिलेल्या नाहीत.

आणि आता तो दुसरा पोटॅश, गंधकाबरोबर ठोकून वाजवतात तो. हा पोटॅशियम क्लोरेट. नायट्रेटकडून ऑक्सिजन काढून घ्यायला चांगली उष्णता द्यावी लागते. क्लोरेट आपला ऑक्सिजन फार सहज सोडते आणि सोडताना वर उष्णताही देते. गंधकाशी ते मिसळले की घासण्याने, ठोकण्याने, कधी नुसत्या पडून राहण्यानेही पेटते. हवेत राहून गंधकावर जे किंचित आम्ल जमते, तेवढेही त्याला पुरते. म्हणून भारत सरकारने १९९२ मध्ये क्लोरेट आणि गंधक असलेल्या स्फोटकांवर बंदी घातली. आपल्या घरातली काडीपेटी हा धडा रोज दाखवते. क्लोरेट काडीच्या टोकावर, तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेला, आणि दोघांची भेट फक्त घासण्याच्या क्षणी. क्लोरेट आणि खताचा किंवा बेदाण्याचा पोटॅश यांना गावात एकाच नावाने ओळखू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. खताचे, बेदाण्याचे किंवा भट्टीचे कोणतेही पांढरे द्रव्य दुसऱ्याच्या रिकाम्या पोत्यात किंवा डब्यात भरून ठेवू नये.

धातूबद्दलची एक आठवण इथेच सांगते. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जुनी कपाटे रिकामी करताना पोटॅशियमची एक बाटली सापडली. रॉकेल उडून गेलेले, तुकड्यांवर पिवळसर कवच. मदतनीस सुरीने कवच खरवडायला निघाला होता. ते पिवळे कवच पोटॅशियम सुपरऑक्साइडचे. खाली धातू, वर ऑक्सिजनने भरलेले कवच, त्यात रॉकेलचा अंश, आणि सुरीचा दाब! मी त्याचा हात धरला, तेव्हा माझाच हात कापत होता. हेच सुपरऑक्साइड खाणकामगारांच्या श्वसनयंत्रात उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड घेऊन ऑक्सिजन देते आणि जीव वाचवते.

शेतीच्या प्रकरणांबद्दल थोडे. पोत्यावर ‘६० टक्के’ लिहिलेले असते ते पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबाने. तो पदार्थ पोत्यात नसतोच; असता तर पाण्याशी गाठ पडताच उकळून दाहक कॉस्टिक पोटॅश झाला असता. ही हिशेबाची जुनी रीत आहे, आणि ६० टक्क्यांचा खरा अर्थ दर शंभर किलोत सुमारे ५० किलो पोटॅशियम. द्राक्षाला म्युरिएट टाळून सल्फेट देतात, कारण वेलीला क्लोराइड सोसत नाही. आणि शून्य-शून्य-पन्नास कॅल्शियम नायट्रेटबरोबर एकाच टाकीत घातले की ड्रिपर चोंदतात, ते सल्फेट आणि कॅल्शियम मिळून जिप्सम खाली बसल्यामुळे. दोन्ही वेळा पोटॅशियमचा दोष काहीच नाही.

जमिनीत मात्र पोटॅशियम आयनाचा आकारच सगळे ठरवतो. काळ्या मातीतल्या चिकण खनिजांच्या थरांवर तो बसतो, काही थरांच्या पोकळीत तर अगदी माप घेतल्यासारखा, आणि हळूहळू मुळांना मिळत राहतो. कृष्णाकाठच्या चोपण जमिनीत त्याचा भाऊबंद सोडियम हेच थर विस्कटून टाकतो, कारण तो आपल्याभोवती पाण्याचा मोठा गराडा घेऊन फिरतो. महाबळेश्वरच्या जांभ्यात चिकण माती निराळी आणि पावसाची धुलाई भारी. तिथे पोटॅशियम टिकतच नाही. स्ट्रॉबेरीला तो वारंवार द्यावा लागतो.

उसाची गोष्ट मला सर्वांत आशादायक वाटते. कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्रायल अशा देशांतून येणारे म्युरिएट आपण कऱ्हाड-वाळव्याच्या फडात टाकतो. ऊस त्यातले पोटॅशियम उचलतो, पण साखरेच्या दाण्यात ते जात नाही. ते मळीत राहते, आणि थोडी साखरही आपल्याबरोबर अडकवून ठेवते. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर ते उरलेल्या सांडपाण्यात, म्हणजे स्पेंटवॉशमध्ये, जाते, आणि स्पेंटवॉश बॉयलरमध्ये जाळला की राखेत. कित्येक वर्षे ही राख खड्ड्यांत पडून राहिली. २०२१ मध्ये केंद्राने मळीपासूनच्या या पोटॅशचा, किमान १४.५ टक्क्यांचा, खत अनुदानाच्या योजनेत समावेश केला. राखेतून निघालेला पोटॅश पुन्हा राखेतच सापडला, आणि त्यामुळे दूरदेशाहून पोटॅश आणणारी बोट एक फेरी कमी करू शकते. ही राख शेतापर्यंत नीट पोचावी यासाठी कारखान्यांनी आणि कृषी विभागाने लागावे, असे मी मनापासून म्हणते.

तुरटी आणि परमँगनेट यांना छोटी प्रकरणे आहेत. तुरटीत गढूळ पाण्याचा गाळ खाली बसवण्याचे काम ॲल्युमिनियम करते. परमँगनेटमध्ये जंतूंवर तुटून पडतो तो मँगनीजशी बांधलेला ऑक्सिजन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पटकीच्या साथीत अर्नेस्ट हँकिन यांनी भारतातल्या विहिरींत ते टाकण्याची पद्धत रुळवली.

प्रयोगांसाठी महागडे काही लागणार नाही. सांगलीची हळद सर्वांच्या घरी आहे. हळदीच्या पाण्यात टिपकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा. राखेचे निवळलेले पाणी आणि बेदाण्याचे द्रावण त्यांना तांबडे करतात, जसा साबणाने हळदीचा डाग तांबडा होतो. सोऱ्याचे, म्युरिएटचे आणि तुरटीचे पाणी त्यांना पिवळेच ठेवते. क्लोरेटचेही पिवळेच ठेवते, म्हणून एवढ्या एका पट्टीवर विसंबून कोणत्याही अनोळखी पांढऱ्या पुडीला हात लावायचा नाही. पट्ट्या दहा-बारा करून ठेवा. पहिल्याच प्रकरणात, चुलीच्या राखेपाशी, त्या लागतील.